बुडालेली बोट

ती बोट मी पहिल्यांदा पाहिली ती पाण्यात नव्हे, आमच्या पोलीस ठाण्याच्या आवारात. वाळूचे जप्त ट्रॅक्टर आणि गंजलेल्या मोटारसायकली यांच्यामध्ये, लिंबाच्या झाडाखाली ती तिरकी उभी होती. पांढरा-निळा नवा रंग, पुढच्या टोकाला वाळलेला झेंडूचा हार. येणारा-जाणारा प्रत्येक जण तिला हात लावून जात होता. इतक्या वर्षांच्या नोकरीत खून, दरोडे पाहिले. पण कुणी विचारलं तर मी बोटीचीच गोष्ट सांगते.

मी सातवी शिकलेली. नवरा पोलिसात होता. तो वारल्यावर त्याच्या जागी मला घेतलं. पुढे जमादार झाले आणि शेवटी सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. हे प्रकरण नोकरीच्या शेवटच्या काळातलं. नावं कुणाचीच लिहीत नाही.

तक्रारदार तिशीतला, एका पुढाऱ्याच्या मागे-पुढे फिरणारा. पालीजवळच्या धरणावर सहलीची बोट चालवायची त्याला हौस आली. कपिलधारला दर्शनाला जाणारी माणसं वाटेत धरणावर थांबतात, त्यांना फिरवायचं. परवानगी पुढाऱ्याने मिळवून दिली. गोदावरीकाठच्या एका नावाड्याकडून त्याने जुनी मोटरबोट घेतली. उद्घाटनाला पुढाऱ्याला बसवलं आणि पाण्याच्या मधोमध इंजिन धाडकन बंद पडलं. काठावर दोनशे माणसं, हातात मोबाइल. शेवटी मासे धरणाऱ्यांच्या थर्माकोलच्या तराफ्यावर मांडी घालून पुढारी काठाला आले.

हे सगळं मोबाइलवर गावोगाव गेलं. दुसऱ्या दिवशी तक्रारी अर्ज आला: नावाड्याने खराब इंजिन विकून फसवणूक केली, गुन्हा दाखल करा. अर्जाआधी साहेबांना पुढाऱ्याचा फोन आला होता. साहेबांनी अर्ज चौकशीसाठी माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "बाई, लांबवू नका."

नावाड्याला बोलावून घेतलं. पन्नाशीचा, उन्हाने करपलेला, डोक्याला टॉवेल. त्याची दुसरी एक बोट होती. तिच्यावर तो नदीकाठच्या गावांतली माणसं या तीरावरून त्या तीराला न्यायचा. माणसं वाहण्याचा परवाना होता. गुन्हा दाखल झाला की तो परवाना जाणार, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. पोट त्याच्यावरच होतं. शेती नाही, दुसरा धंदा येत नाही.

मी विचारलं, "भाऊ, इंजिन खराब होतं का?"

"न्हाई बाई. त्येनं सवता येऊन चालवून बघितलं की. ह्या काठापून त्या काठाला दोनदा गेलतो आमी. सुईवानी चाललं."

"मग बंद का पडलं?"

"कावून पडलं ते मला काय ठावं? म्या तितं न्हवतो."

इंजिनाबद्दल विचारलं की तो सरळ डोळ्यांत बघून बोलायचा. पण "मागच्या पावसाळ्यात ही बोट कुठं होती?" असं विचारलं, की पाणी मागायचा. टॉवेल काढून पुन्हा बांधायचा. मी तो प्रश्न तीन वेळा फिरवून विचारला. तीनदा त्याने पाणी मागितलं.

मी उठले आणि बाहेर जाऊन बोट पाहिली. रंग नवा होता, पण बसायच्या फळीच्या खालून हात फिरवला तर सांदीत गाळाचा थर वाळून बसला होता. वरून उडालेल्या पाण्याने तिथे गाळ साचत नाही. बोट पूर्ण पाण्याखाली गेली असेल तरच साचतो.

आत येऊन त्याच्यापुढे तो गाळ टेबलावर ठेवला. "बुडाली होती ना?"

त्याने टॉवेल सोडून मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "व्हय. वावटळीत बुडाली. चार दिसांनी काढली. इंजिन खोलून धुतलं, नवं सामान टाकलं. त्याच्या मागं समदा उनाळा चालवली, बाई. येक दिस तरास न्हाई दिला."

"मग सांगितलं का नाही?"

"बुडलेल्या बोटीत कोन बसतं?"

साहेब दारात उभे राहून ऐकत होते. "झालं की, बाई. कबुली मिळाली. गुन्हा दाखल करून टाका."

तक्रारदारही तिथेच होता. "म्या म्हनलं न्हवतं का, साहेब? बुडलेलं इंजिन गळ्यात मारलं त्येनं!"

जबाब लिहायचा तेवढा बाकी होता. माझं मन मात्र भरेना. पाण्यातून काढलेलं इंजिन सगळा उन्हाळा चालतं, गिऱ्हाइकापुढे दोनदा काठ गाठतं आणि नेमकं पुढारी बसल्यावर मरतं, हे मला पटत नव्हतं. साहेबांना म्हटलं, उद्या सकाळपर्यंत थांबा. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण थांबले. नावाड्याला रात्रभर ठाण्याच्या ओसरीवर बसवून ठेवलं. कोठडीत टाकला नाही.

पुरुष पोलिसांना खबर पानटपरीवर मिळते, मला ती पिठाच्या गिरणीवर मिळायची. त्या संध्याकाळी ज्वारी दळायला गेले. तिथे तक्रारदाराच्या गावची एक बाई रांगेत होती. तिचा नवरा हलगी वाजवतो. मी बोटीचं नाव काढलं तशी ती हसायला लागली.

"त्या बोटीचं नाव नका काढू. आमच्या मान्सानं हलगी फोडून घेतली मिरवनुकीत. पर त्या इंजिनाच्या आवाजापुढं कुनाला काय आयकू यीना!"

"कसली मिरवणूक?"

"अवं, आनली तवा ट्रॉलीवर ठिवून मारुतीपस्तोर आनली की. इंजिन चालू. निस्ता धूर! जळक्या रबराचा वास, लेकरं खोकायली."

मी दळण तिथेच ठेवलं आणि ठाण्यात परत आले.

आमच्या भागात नवा ट्रॅक्टर आला की हार घालतात, नारळ फोडतात आणि चालू ठेवूनच देवळाला आणतात. बंद यंत्राची पूजा इथे कुणाला गोड लागत नाही. यंत्र कसं धडधडलं पाहिजे, गावाला ऐकू गेलं पाहिजे. ट्रॅक्टरला त्याने काही होत नाही.

ओसरीवर नावाड्याला विचारलं, "भाऊ, हे इंजिन जमिनीवर चालू केलं तर काय होतं?"

त्याने माझ्याकडे खुळ्याकडे बघावं तसं बघितलं. "पान्याभाईर? पान्याभाईर बोट कोन चालवतं, बाई? ते खालून पानी वढून गार व्हतं. आत रबराची चकरी हाय, ती पानी वढती. कोरडी फिरली की जळती. मंग पान्यात टाकलं तरी इंजिन गार व्हत न्हाई, तापून आवळतं, बंद पडतं."

"हे घेणाऱ्याला सांगितलं होतं?"

"ह्ये काय सांगायचं असतं व्हय?"

सकाळी तक्रारदाराला बोलावलं. मारझोड, दमदाटी काही केली नाही. त्याला चहा दिला. म्हटलं, "काय रे, मिरवणूक जोरात काढली म्हणे तू. आम्हाला बोलावलं नाहीस."

पोरगं फुललं. "काकू, लई भारी झाली! अशी मिरवनूक गावात झाली न्हाई. बगा, बगा." त्याने मोबाइल पुढे धरला. ट्रॉलीवर बोट, बोटीत हा फेटा बांधून उभा, मागे इंजिन भडभडतंय, धूर निघतोय. हलगीवाल्याचा हात हलतोय, आवाज मात्र इंजिनाचाच. मारुतीच्या देवळापुढे नारळ फुटला तरी इंजिन चालूच होतं.

साहेब खुर्चीवरून उठून ते बघायला आले. मी त्यांना म्हटलं, "साहेब, मिस्त्री बोलवा. पंचांपुढे इंजिन खोलू."

मिस्त्री आला, पंच आले. लिंबाखाली इंजिन खोललं. आत गाळ नव्हता, गंज नव्हता. नावाड्याने इंजिन धुऊन नवं सामान टाकलं होतं, ते खरं निघालं. खालच्या भागातली रबराची चकरी काढली, तर तिची पाती वितळून काळा गोळा झाला होता. मिस्त्रीने तो तक्रारदाराच्या तळहातावर ठेवला. पंचनामा लिहिला.

तक्रारदाराने तो गोळा बोटांनी दाबून पाहिला. मग हळूच म्हणाला, "काकू, नेत्याला सांगू नका. मिरवनुकीत इंजिन चालू ठिवा म्हनून त्यांनीच फोनवर सांगितलं व्हतं."

अर्ज निकाली काढला. गुन्हा दाखल झाला नाही. निघताना मी नावाड्याला झापलं, "बुडाली होती हे विकतानाच बोलला असतास तर रात्रभर इथं मच्छर मारत बसावं लागलं नसतं."

तो म्हणाला, "बोललो असतो तर बोट इकली गेली नसती, बाई." टॉवेल बांधला आणि निघून गेला. खोटं नव्हतं त्याचं.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. नव्या पोरांना मी तीच सांगत आले. समोरचा माणूस काहीतरी लपवतो आहे एवढं कळलं की पोलीस खूश होतात आणि कागद पुढे ओढतात. माणूस काहीतरी लपवतोच. घरातून निघताना बायकोपासून लपवतो, ठाण्यात आमच्यापासून. तो जे लपवतो ते आणि आपण जे शोधतो ते एकच आहे का, हे पाहणं आपलं काम. ते पाहायला एक दिवस जास्त लागतो. तेवढा लागू द्यावा.

निवृत्तीनंतर एकदा नातीला घेऊन कपिलधारला गेले होते. येताना धरणावर थांबलो. तीच बोट पाण्यात होती, आता पिवळ्या रंगाची. तक्रारदाराने ती दुरुस्त करून घेतली होती. त्याने नोकर ठेवला होता, तो मला ओळखत नव्हता. ओरडत होता, "या आजी, बसा! नवी कोरी बोट हाय!"

मी विचारलं, "कधी बुडाली बिडाली नाही ना रे?"

"छ्या! आजपस्तोर थेंब आत आला न्हाई."

मालकाने त्याला तेच सांगून ठेवलं असणार. नात माझ्याकडे बघत होती. तिचा हात धरून मी बोटीत पाय टाकला. पोरगा खोटं बोलत होता, पण काय लपवत होता ते मला ठाऊक होतं. इंजिनाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.