जिवंत शिपायाच्या बायकोला काय मिळतं

सरकारदारी मागायला गेलेल्या बायकांच्या गोष्टी म्हणजे उतरंडीची मडकी. वरचं हलवलं की खालचं वाजतं! आमच्या चाळीत अशी उतरंड पार आढ्याला लागली होती.

तर, आटपाट चाळ होती लालबागेत. तळाला हवालदारबाबा राहत, पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले. वर आम्ही नवराबायको आणि माझ्या मालवणच्या सासूबाई. शेजारी काशी, गिरणीत कामाला. आणि टोकाच्या खोलीत रखमा, तीही गिरणीतच. तिचा नवरा शिपाई, आगबोटीत बसून एडनला गेलेला. त्याच्या वहाणा दाराशी ठेवलेल्या. रविवारी गिरणीला सुट्टी असली की रखमा त्यांना तेल चोळत बसायची.

"कडक झाल्या तर आल्यावर पायाला चावतील गं," म्हणायची.

*

हवालदारबाबांचं एकच पालुपद. "सरकार देतं. पण मागावं लागतं!"

एकदा सासूबाईंनी त्यांना जिन्यातच गाठलं. "बाबानू, माका पेन्शन कधी गावतली?"

"तुम्ही चाकरी कुठं केलीत?"

"जलमभर घोव सांभाळलंय!"

"ती सरकारची चाकरी नव्हे, बाय."

"मगे सरकारान एक दिस सांभाळून बघूक होयो!"

माझे सासरे तेव्हा नुकतेच वारले होते. एवढं बोलून सासूबाई आत गेल्या आणि बराच वेळ चुलीपाशी पाठ करून बसल्या. चूल पेटलेली नव्हती.

*

मग प्लेग आला. कुणाच्या काखेत गाठ दिसली की सरकारची माणसं यायची, अंथरूण-पांघरूण बाहेर ओढून जाळायची. हवालदारबाबांनी शोध लावला, जळलेल्या मालाची भरपाई मिळते म्हणून. झालं! ज्यांची गोधडी जळली त्यांचा शालू जळाला.

काशीनं तर पैठणीच सांगितली. कारकून चिडला. "गिरणीत कांड्या भरणारीकडं पैठणी? कधी नेसलेली कुणी पाहिली का?"

"ठेवणीतली होती, साहेब! म्हणून तर कधी नेसले नाही!"

गोधडीचे मिळाले. पैठणीचं हसू मिळालं.

रखमाच्या शेजारच्या खोलीत गाठ निघाली म्हणून तिचंही सामान काढलं. घोंगडी गेली, उशी गेली. माणूस वहाणांकडं वळला, तर या बाईनं त्या पायात चढवल्या! तिची पावलं म्हणजे चिमणीची. वहाणा दोन बोटं पुढं.

"काढा बाई. भरपाई मिळंल."

"पायातलं कसं जाळाल? जाळायचं तर माझ्यासकट जाळा."

तो माणूसही कुणाचा तरी मुलगाच. गेला मुकाट्यानं.

*

चाळ रिकामी केली आणि आम्हाला शिवेकडच्या माळावर झोपड्यांत नेऊन ठेवलं. गोरगरिबाला तिथं शिधा मिळायचा. कारकून दारोदार माणसं मोजत आला.

"घरात किती?"

"दोन," रखमा म्हणाली.

"दुसरा कुठाय?"

"पलटणीत."

"मग एकाचाच शिधा मिळंल."

"एकाचाच द्या. पण लिहा दोन."

कारकुनानं तिच्याकडं पाहिलं, दाराशी ठेवलेल्या वहाणांकडं पाहिलं. लिहिले दोन.

*

चाळीत परतलो तेव्हा एडनहून ना चिठ्ठी ना पैसा. आधी दर दोन महिन्यांनी मनीऑर्डर यायची, ती बंद. रखमाची गिरणीही बंद पडलेली. ती लोकांची दळणं दळायची, आणि खोलीचं भाडं थकत चाललं होतं. भाडं वसूल करणारा भय्या रोज जिन्यात खोकून जायचा. खोली सोडावी तर नवरा येणार कुठं? त्याला हाच पत्ता ठाऊक!

हवालदारबाबांनी एक दिवस घसा साफ केला. "रखमे, शिपाई लढाईत कामी आला तर बायकोला पेन्शन असते. सरकार देतं. पण..."

"मागावं लागतं," ती म्हणाली. "आणि बाबा, जिवंत शिपायाच्या बायकोला काय मिळतं?"

 हवालदारबाबा म्हणाले, "वाट बघायला मिळतं, पोरी."

*

शेवटी भय्यानं कुलूप आणून दाखवलं, तेव्हा रखमा कुलाब्याच्या कचेरीत यायला तयार झाली. हवालदारबाबांनी बजावलं, "साध्या कपाळानं ये. साहेब बघतात." आणि ही आली ती रुपयाएवढं कुंकू लावून! बाबांनी कपाळावर हात मारला. सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हवांदे. उन्हान पुसात तर पुसात."

बाबा, रखमा, सासूबाई आणि मी ठाकूरद्वाराला पाणी पिऊन पुढं निघालो. ऊन तापलं, घाम आला, पण कुंकू हललं नाही.

कचेरीत रखमा खाली बघत उभी. नवऱ्याचं नाव बाबांनी सांगितलं. कारकून आत गेला. तो येईपर्यंत ती पदरानं कुंकवाभोवतीचा घाम टिपत राहिली.

तो आला. "पेन्शन मिळणार नाही."

बाबा तडकले. "का नाही? नियम आहे सरकारचा!"

"नियमच आहे. पेन्शनला बाई विधवा लागते. तुमचा माणूस एडनला दोन वेळ जेवतोय. उलट त्याचंच इथं विचारणं आलंय! मनीऑर्डर परत गेली, चाळ ओस पडलीय म्हणून. बायको प्लेगात वाचली का, एवढं कळवा म्हणतो. काय कळवू?"

 सासूबाईंनी रखमाच्या पाठीत धपका घातला. "बोल गो!"

"कळवा," ती म्हणाली, "घरात माणसं दोन."

परतताना तिनं वाण्याकडून उधारीवर गूळ घेतला. जिन्यात काशी आडवी आली. "काय गं, काय दिलं सरकारनं?"

"काही नाही!" रखमा म्हणाली. "काहीसुद्धा नाही! घे, तोंड गोड कर!"

आणि कुलूप घेऊन बसलेल्या भय्याच्या हातावरसुद्धा तिनं गुळाचा खडा ठेवला.