साक्षीदाराची सही

घरच्यांच्या मोबाईल ग्रुपवर फसवणुकीचे धडे देणारी शहाणी मीच. ओटीपी सांगू नका, आधारची झेरॉक्स दिलीत तर तिच्यावर कारण लिहा, अनोळखी फोन कट करा. हिंजवडीत नोकरी, महाळुंग्यात फ्लॅट, त्यामुळे आमच्या रिहे गावात माझ्या शब्दाला वजन. आत्याने तर माझं सगळं मनावर घेतलं होतं. "कागुद आला की आदी पोरीला दावायचा, मगच अंगठा," असं ती येईल-जाईल त्याला ऐकवायची.

आत्या विधवा होऊन माहेरी परतली, तेव्हा माझ्या वडिलांनी तिला डोंगराच्या पायथ्याला दोन खोल्या आणि शेळ्यांपुरता गोठा बांधून दिला. वडिलांचं मृत्युपत्र त्याआधीचं, ती सासरी नांदत होती तेव्हाचं. त्यात तिचा उल्लेखसुद्धा नव्हता. "बदलू की, कुटं पळून चाललंय?" म्हणत वडिलांनी वर्षं काढली आणि एक दिवस गेले. आजोबांची वारस म्हणून सातबाऱ्यावर आत्याचं नाव लागलेलं होतं, तेवढाच काय तो तिला आधार उरला.

मग पायथ्याच्या जमिनीवर फार्महाउसवाल्यांचा डोळा पडला आणि माझ्या थोरल्या भावाला अचानक आत्याच्या पेन्शनची काळजी वाटू लागली. "पेन्शनच्या कागदावर सहीला ये, घरचं माणूस लागतंय," त्याचा फोन आला. मी गेले ती ऑफिसचा कॉल कानाला लावूनच. कचेरीत ही झुंबड. आत्याने फोटो दिला, यंत्रावर अंगठा ठेवला. कागद वाचून दाखवला का, असं कारकुनाने विचारलं, तेव्हा दादाच हो म्हणाला. आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली आणि दादाने बोट ठेवलं तिथं साक्षीदार म्हणून सही ठोकली.

खरं सांगायचं तर वरचा मथळा मला दिसला होता. हक्कसोडपत्र. दिसला आणि मी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर दादाशी वाजलं असतं, कॉल बुडाला असता. असल्या फडतूस कारणांसाठी मी गप्प बसले.

बाहेर आल्यावर दादाने मटणाचं जेवण घातलं आणि आत्याला साडी घेतली. बहिणीकडून हक्क सोडवून घेतला की तिला साडी नेसवायची, ही आमच्याकडची रीत. आत्यालाही ती माहीत होती, पण मी मान हलवली होती ना! "पेन्शनीला साडी बी मिळती व्हय?" ती म्हणाली. दादा खो खो हसला. मीही हसले.

महिन्याभराने तलाठ्याकडून नोटीस आली. आत्या ती घेऊन, तीच साडी नेसून, दोन बस बदलत माझ्या फ्लॅटवर आली आणि सोफ्याच्या कडेला टेकली.

"ह्ये बी फसवणुकीचंच आसंल. बग बरं."

नोटिशीत लिहिलं होतं की सातबाऱ्यावरून तिचं नाव कमी होणार आहे आणि हरकत घ्यायला पंधरा दिवस आहेत. मी वाचून दाखवलं. पहिल्यांदाच, अक्षर न् अक्षर.

"कोन हाय गं त्यो मुडदा?"

"दादा," मी म्हणाले. "आणि साक्षीदार मी. मला मथळा दिसला होता, आत्या."

मग मीच घाईघाईने बोलत सुटले. हरकतीचा अर्ज आजच लिहिते, तुला काही वाचून दाखवलं नव्हतं हे माझ्या सहीनिशी लिहून देते, दादा माझ्याशी संबंध तोडेल तर तोडू दे. मला स्वतःच्या आवाजाचीच किळस येत होती.

आत्याने नोटीस माझ्या हातातून काढून घेतली आणि घडी करून पिशवीत ठेवली.

"लिव्ह की," ती म्हणाली. "पन तू लिवल्याला कागुद आता दावू कुणाला?"