निसरडा उतार

धायरीतल्या आमच्या सोसायटीत लिफ्टपर्यंत जायला चार-पाच पायऱ्या आहेत आणि त्यांच्या बाजूने चाकाच्या खुर्चीसाठी उतार. त्यावर कुणाच्या तरी हौसेने चकचकीत फरशी बसवलेली.

त्या दुपारी मी बाबांना व्यायामाच्या डॉक्टरांकडून परत आणत होते. अर्धांगवायूनंतर त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती. फरशी नुकतीच पुसलेली होती. रोज मी एका दमात खुर्ची वर चढवायचे, तशीच निघाले.

निम्म्यावर माझी चप्पल मागे सरकली. जोर लावला तशी आणखी सरकली. खुर्ची पुढे ढकलायची तर पायांनी फरशी मागे रेटावी लागते, आणि फरशी काही दाद देईना. बाबांचं सगळं वजन माझ्या मनगटांवर आलं. ब्रेक लावायला एक हात काढला असता, तर दुसऱ्या हाताने खुर्ची पेलली नसती. वॉचमन मागे पंपापाशी होता. मी दोन हाका मारल्या. पंपाच्या आवाजात त्या विरून गेल्या.

"का थांबलीस?" बाबांनी विचारलं. त्यांना वळून बघता येत नव्हतं.

"पाय घसरतायत, बाबा."

"चपला काढ. देवळाबाहेर बरं सुचतं."

मी डावी चप्पल झटकली. तेवढ्यात खुर्ची वीतभर मागे आली आणि तिची मूठ माझ्या पोटात रुतली. उघडा तळवा मात्र फरशीवर टिकला. उजवा पाय उचलायची हिंमत होईना.

बाबांनी डाव्या हाताने शेजारचा कठडा पकडला.

"मी ओढतो. तू सरळ ठेव."

त्यांनी कठडा स्वतःकडे खेचला. कठडा कुठला हलतोय, खुर्चीच पुढे गेली, पण कठड्याकडे तिरकी. मी ती सरळ केली.

"आता हात सोडतोय. धरलंयस?"

"धरलंय."

तो एक क्षण खुर्ची पुन्हा माझ्या अंगावर आली. त्यांनी कठडा आणखी पुढे पकडला आणि पुन्हा ओढलं. असं करत करत आम्ही वर पोचलो. ब्रेक लावून मी तिथेच खाली बसले.

पुढे सोसायटीने उतारावर खरखरीत पट्ट्या चिकटवल्या. बाबा तरीही कठडा धरतातच. मी जास्त जोर लावला, की म्हणतात, "ढकलू नकोस. येतोय मी."