डेमोचा पेशंट

"पडदा ओढू नको. मागच्यांना दिसत नाहीये."

सर मला म्हणाले. टेबलावर माझी माय होती. डाव्या कुशीवर, पोलकं काढलेलं, छातीवर थंडगार जेली. भोवती अकरा माणसं, बाहेरचे डॉक्टर आणि मशीनच्या कंपनीची माणसं. माझा हात पडद्यावर होता. मी तो खाली घेतला.

हे आधी लिहिते, कारण त्या हाताची मला आजही लाज वाटते.

मी शहरातल्या एका खासगी दवाखान्यात टू डी इको काढते. हृदयाची सोनोग्राफी. शाळा फर्दापूरची, मग इथं वसतिगृहात राहून बी.एस्सी. आमच्या घरातली पहिली पदवी. माय फर्दापुरात हॉटेलातल्या चादरी धुते. दवाखाना सरांचाच. त्यांनी मला वशिल्याशिवाय नोकरी दिली, हाताला धरून मशीन शिकवली. ते उपकार मी आजही नाकारत नाही.

नवीन मशीन विकायला आली की दवाखान्यात डेमो व्हायचा. झोपायला एक माणूस लागायचा. सर म्हणायचे, "जनरलमधनं एखादा आण." खासगी खोलीतला कधीच नाही. मी वॉर्डात जायचे. "मामा, चला, फुकट तपासणी आहे. मोठे डॉक्टर आलेत." हर्सूलचे एक गवंडी मामा असेच आले. अर्धा तास कुशीवर पडून राहिले, आणि जाताना मलाच हात जोडले. मला वाटायचं, मी गरिबाचं भलं करते.

मायला वर्षभर दम लागत होता. ओल्या चादरींची बादली उचलली की मटकन बसायची. म्हणून या वेळी मीच विचारलं, "सर, माझ्या आईला आणू?" "आण ना," ते म्हणाले. माय सकाळच्या एसटीनं आली. ठेवणीतली साडी, आणि पिशवीत सरांसाठी भुईमुगाच्या शेंगा.

आणि आता ती अशी पडली होती.

"सर, ही माझी आई आहे," मी हळूच म्हटलं.

"मग तर बरंच. परवानगीचा प्रश्नच नाही."

एका पाहुण्या डॉक्टरनं विचारलं, "इतका वेळ झोपवलं तर पेशंट कुरकुर करत नाहीत?"

"या लोकांना काही वाटत नाही," सर म्हणाले. "प्रायव्हेटवाल्याला असं झोपवलं तर संध्याकाळी वकील येईल."

हशा झाला. मायचे डोळे मिटलेले होते. पण तिनं पायाचा अंगठा आवळलेला मला दिसला. तिनं ऐकलं होतं.

तेवढ्यात स्क्रीनवर मायच्या हृदयाची झडप आली. आखडलेली, जाड. उघडायलाच तयार नाही. सगळे पुढं सरकले. "क्या व्हॉल्व्ह है!" कुणीतरी म्हणालं. मोबाइल निघाले. रक्ताचा प्रवाह दाखवणारे रंग लावून बघितलं, चित्र फिरवून बघितलं. मशीनची तारीफ झाली.

"काय निगालं वो सायेब?" मायनं विचारलं.

"काही नाही मावशी. मशीन लई भारी हाय," सर तिच्याच बोलीत म्हणाले. पुन्हा हशा.

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पुसून घे. क्लिपा डिलीट कर."

"आणि रिपोर्ट?"

"डेमोचा रिपोर्ट नसतो. ओपीडीत दाखव कधीतरी."

मायची झडप अकरा जणांनी पाहिली. तिच्या हातात मात्र चिठोरंही येणार नव्हतं. माझं बोट बटणावर गेलं, आणि मला हर्सूलचे मामा आठवले. त्यांच्या वेळीही हे बटण मीच दाबलं होतं. त्यांच्या छातीत काय होतं, मी पाहिलंसुद्धा नव्हतं. मी नव्या मशीनचे रंग पाहत होते.

बोट मागं घेतलं. आधी पडदा ओढला. मायची छाती पुसली, पोलक्याचे हूक लावले. मग बाहेर येऊन मशीनपुढं उभी राहिले.

"रिपोर्ट दिल्याशिवाय मशीन हलणार नाही. आणि मोबाइलमधनं माझी आई काढा. माझ्यासमोर."

"मॅडम, खाली गाडी उभी आहे," कंपनीचा माणूस म्हणाला.

"उभी राहू द्या."

सर म्हणाले, "तुला इथं कुणी उभं केलं, विसरलीस?"

"नाही विसरले सर. म्हणून तुमच्याकडंच मागते. विसरले असते तर बाहेर जाऊन तक्रार केली असती."

एका डॉक्टर बाईंनी मोबाइल काढला, फोटो पुसला. काहींनी तसंच केलं. दोघं खिशात हात घालून निघून गेले. त्यांना मी अडवू शकले नाही. सरांनी उभ्या उभ्या रिपोर्ट लिहिला आणि टेबलावर टाकला. झडप फार अरुंद, उपचार तातडीनं हवेत.

जिन्यात माय थांबली. दम खात म्हणाली, "त्यानं माझ्या तोंडाकडं एकदाबी बघितलं नाय. निस्तं टीव्हीकडं." मग पिशवी छातीशी धरली. "शेंगा आपुनच खाऊ."

तिचे उपचार आता दुसऱ्या दवाखान्यात चालू आहेत. मी अजून इथंच आहे. पुढच्या डेमोला सर म्हणाले, "एखादा आण." मी साध्या मराठीत एक कागद लिहिला होता. कोण बघणार, किती वेळ, रिपोर्ट मिळणार, नको म्हणता येतं. तो घेऊन मी आधी खासगी खोल्यांची दारं वाजवली. कुणीच सही केली नाही, म्हणून जनरलमध्येही मी गेले नाही. डेमो झाला नाही. नोकरी किती दिवस राहील, माहीत नाही.

दर रविवारी मी हर्सूलला जाते. मामांचं नाव मी विचारलं नव्हतं; हर्सूल आणि गवंडीकाम, एवढाच माझ्याकडं पत्ता. गवंडीकाम चालू असेल तिथं थांबते, एकेकाचा चेहरा बघते. सापडेपर्यंत जाणार. सापडले की सांगणार, मामा, तुमच्या छातीत काय होतं ते मी न बघता पुसलं. चला, पुन्हा तपासू.

आणि पडदा मी ओढणार.