रुबाने कॉफी पिऊन टाकली

समजा, उद्यापासून सात माणसांच्या तुकडीचे तुम्ही प्रमुख आहात. सगळे वयाने मोठे, आणि सर्वांत ज्येष्ठ माणूस तुमच्या जन्माआधीपासून तीच यंत्रं दुरुस्त करतोय. तो तुमच्या डोळ्यांदेखत चूक करतो. काय कराल?

जॉर्डनमधल्या करकच्या पाणी उपसा केंद्रावर नव्याने प्रमुख झालेल्या रुबाने काय केलं? पेनाचं टोक रोखून सगळ्यांसमोर म्हणाली, "अबू सक्र, बेअरिंगमध्ये ग्रीस जास्त झालंय. म्हणूनच तापतंय. पुस्तकात मापं दिलीत."

मोजून पाहिलं, तर रुबाचंच बरोबर निघालं. अबू सक्रने हात पुसले, बदलीचा अर्ज लिहिला आणि तो घरी गेला. रविवारी अर्ज अम्मानच्या मुख्य कार्यालयात जाणार होता. पंपाचा बिघाड नुसत्या कानाने ओळखणारा तो एकटाच. तुकडी रुबाशी बोलेनाशी झाली. चहासुद्धा तिला वगळून व्हायला लागला.

"घरी जाऊन माग त्याला," भांडारवाली इनाम म्हणाली. "कॉफी देतील ती प्यायची नाही, समोर ठेवायची. तो म्हणेल, पी, तुझं काम झालं. मग प्यायची. रीत माहीत आहे ना?"

"इनामखाला, मी अम्मानची असले तरी याच देशातली आहे."

शुक्रवारी दुपारच्या नमाजनंतर दोघी चढ चढून गेल्या. दार त्याच्या बायकोने, उम्म सक्रने उघडलं.

"तुझा नवरा मागायला आलोय," इनाम म्हणाली.

"घेऊन जा. चार दिवस घरात बसलाय, माझ्या फ्रिजचा आवाज बिघडलाय म्हणतो."

अबू सक्रने मान तेवढी हलवली. किटलीतून बिनकानाच्या कपात घोटभर कॉफी ओतली, कप रुबाच्या हातात दिला. रुबा मनात भाषण घोकत होती: आदरणीय अबू सक्र, आपला अनुभव... त्याच नादात तिने कप तोंडाला लावला, एका घोटात संपवला आणि आणखी नको असताना हलवतात तसा हलवून परतही दिला.

इनामने कपाळाला हात लावला. संपलं. कॉफी पिऊन झाली म्हणजे मागण्यासारखं काही नाही.

भाषणाला आता जागाच उरली नव्हती. काहीतरी बोलायचं म्हणून रुबाने विचारलं, "तुम्ही स्क्रूड्रायव्हर पंपाला टेकवून कान लावता, तेव्हा काय ऐकू येतं?"

अबू सक्रने तिच्याकडे नीट पाहिलं. थट्टा नव्हती.

मग तो तासभर बोलला. चांगलं बेअरिंग भरल्या पोटी झोपलेल्या बाळासारखं श्वास घेतं. जुने पंप उघड्यावर असायचे, खमसीनचं वाळवंटी वारं सुटलं की धूळ आत जायची. म्हणून ग्रीस ठासून भरायचे, म्हणजे धुळीला जागा राहायची नाही. "हे नवे पंप बंदिस्त आहेत, ठाऊक आहे मला. पण हाताला कोण सांगणार? चाळीस वर्षांची सवय आहे त्याला."

"मला विचारायला हवं होतं," रुबा म्हणाली.

"विचारलंस की आत्ता. उशिरा, पण विचारलंस." त्याने पुन्हा कप भरला. "हा मात्र खाली ठेव. नाहीतर मी होकार द्यायचा तरी कधी?"

रुबाने कप ठेवला. भाषणातलं एकही वाक्य आठवेना. "रविवारी या," एवढंच म्हणाली.

"पी पोरी."

आतून उम्म सक्र ओरडली, "देवाचे आभार, फ्रिज वाचला."

रविवारी चहा झाला, आणि पहिला पेला रुबाकडे आला. अबू सक्रने स्वतः मापाने ग्रीस भरलं आणि स्क्रूड्रायव्हरची मूठ तिच्या कानाशी धरली. बराच वेळ नुसती घरघर; मग तिला खाली एक मऊ, संथ लय सापडली आणि ती हसायलाच लागली.

पंपापासून परतताना मात्र ती थबकली.

"अबू सक्र, एक सांगा. घरी येऊन विचारायला वेळ नाही, चूक समोर घडतेय, पंप जळणार आहे आणि सगळी तुकडी बघतेय. तेव्हा माणसाला कसं थांबवायचं?"

अबू सक्र दाढी खाजवत राहिला. "मीही अजून तेच शोधतोय," तो म्हणाला. "तू सांग, तुला कुणी कसं थांबवलेलं चाललं असतं?"