सप्तघाटचा नावाडी

सुमंतदादांना खेळात मारायचं ठरलं तेव्हा शेवटचा आकडा मी काढला होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी शहाणपण शिकवायला लागलो तर ते किती मनावर घ्यायचं हे वाचणाऱ्याने ठरवावं.

सुमंतदादा माधवनगरच्या एका कापड कारखान्यात हजेरी कारकून होते. वय चाळिशीच्या आसपास, मूलबाळ नाही, सायकलच्या कॅरिअरला कायम एक कापडी पिशवी. त्यांचा आतेभाऊ बोटीवर नोकरीला होता. त्याने कुठल्याशा बंदरातून एका खेळाचं इंग्रजी पुस्तक आणून दिलं. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने सूत्रधार व्हायचं आणि एक जग उभं करून सांगायचं; बाकीच्यांनी त्या जगातला एकेक माणूस घ्यायचा आणि तो काय करतो ते बोलायचं. जमलं की फसलं, ते फाशावर. आता वीस बाजूंचा फासा सांगलीत कोण देणार? दादांनी हाउजीच्या संचातले एक ते वीस आकडे एका पिशवीत भरले आणि आमचं भागवलं.

त्र्याण्णव ते पंच्याण्णव ही आमची इंजिनिअरिंगची सुरुवातीची वर्षं. दर रविवारी दुपारी मी, जतकडचा कृष्णात आणि सांगलीचाच निमिष असे तिघे सायकली हाणत दादांकडे जायचो. पुस्तकातले राक्षस आणि किल्ले बाजूला ठेवून दादांनी स्वतःचं जग रचलं होतं, सप्तघाट. नदीकाठची सात गावं, राजा नाही, सगळा कारभार दिल्या शब्दावर. तिथे शत्रूला मारण्यापेक्षा वळवणं फायद्याचं असे. एक दरोडेखोर तर सहा महिन्यांत नदीच्या तरीवर नावाडी झाला. निमिष म्हणायचा, दादा, तुमच्याकडचे चोर घरात शिरण्याआधी कडी वाजवत असतील. दादा हसायचे आणि त्याला आणखी पोहे द्यायला पद्मावहिनींना सांगायचे.

शब्द द्यायचा तर काही विधी हवा, म्हणून दादांनी स्वतः काढलेल्या सप्तघाटच्या नकाशावर भंडाऱ्याची वाटी ठेवली. चिमूटभर हळद बोटावर घ्यायची आणि शब्द द्यायचा. पहिल्याच दिवशी कृष्णातचा चेहरा उतरला. त्याच्या घरी मेंढरं, कुलदैवत बिरोबा, आणि भंडारा उचलून बोललेलं त्यांच्यात कोणी फिरवत नाही.

"दादा, ह्यो खेळात नगो," तो म्हणाला. "उचलला की मोडता येत न्हाई."

दादा इतके खूश झाले, की त्यांनी तोच नियम वहीत लिहून टाकला. सप्तघाटात दिलेला शब्द मोडता येत नाही. हवं तर हरा, बुडा, मरा, पण मोडायची सोयच ठेवली नव्हती.

तिसऱ्या वर्षी निमिषला या सगळ्याचा कंटाळा आला. जग जितकं काळं तितका खेळ मोठ्या माणसांचा, असं काहीतरी त्याने एका परदेशी मासिकात वाचलं होतं. आता सूत्रधार मी होणार, असं तो म्हणाला आणि दादांनी पिशवी लगेच त्याच्यापुढे सरकवली. निमिषने सप्तघाटच घेतला, पण पन्नास वर्षांनंतरचा. पहारेकरी विकले जाणारे, पुजारी खबऱ्या, पंच धनदांडग्यांच्या खिशात. आणि आम्हाला तो भारी आवडला, हे कबूल करायला हवं. जग किती नासलंय यावर आम्ही तावातावाने बोलायचो. आमचे जेवणाचे डबे मात्र खानावळीतून वेळेवर यायचे.

मार्चमधला एक रविवार. निमिषचे दोन मित्रही आता यायला लागले होते. दादांनी या नव्या जगात नावाडी घेतला होता, म्हातारा, तोंडाळ आणि शब्दाला पक्का. नदी ओलांडायची ती सगळ्यांनी मिळून, असा भंडारा आम्ही पाचही जणांनी उचलला होता. नाव नदीच्या मध्यावर आली तेव्हा निमिष म्हणाला, की काठावरच्या सैनिकांना फक्त नावाडी हवाय. त्याला पाण्यात ढकला, बाकीचे सुटाल. शब्दाचं काय, असं मीच विचारलं. माझ्या सप्तघाटात शब्द मोडतो, निमिष म्हणाला. बाराच्या वर आकडा आला की मोडला. दोघांचा मोडला की नावाडी गेला.

त्याच्या मित्रांनी आकडे काढले. एकाचा जमला, एकाचा फसला. कृष्णातने हात मांडीखाली दाबून धरला.

"म्या न्हाई काडणार," एवढंच तो बोलला.

राहिलो मी. दादा माझ्याकडे बघत होते आणि मला वाटलं, हेही खेळातलंच बघणं आहे. मी पिशवीत हात घातला. सतरा. टाळ्या पडल्या. निमिष रंगात आला होता. नावाडी पाण्यात पडलाय, त्याने नावेची कड घट्ट धरलीय, आता तू काय करतोस, असं त्याने मला विचारलं. मी हसत म्हणालो, बोटं तोडतो.

दादांनी पिशवीची नाडी ओढून बंद केली. पद्मावहिनी पोह्यांच्या बशा घेऊन दारात आल्या होत्या. निमिष म्हणाला, दादा, मनाला लावून घेऊ नका, खरं जग असंच असतं.

"खरं जग मला सांगू नकोस," दादा आवाज न चढवता म्हणाले. "आमच्याकडे आप्पासो म्हणून कामगार होता. पाच वर्षांपूर्वी मागात त्याची तीन बोटं गेली. सकाळी दहाला, माझ्यादेखत. अकराला मालकाने मला आत बोलावलं, आणि मी हजेरीपटात त्या दिवशी त्याला गैरहजर लावलं. तो कामावर नव्हताच, असं झालं, आणि भरपाई बुडाली. अजून रस्त्यात भेटला की मला नमस्कार करतो, उरलेल्या बोटांनी."

दादांनी पिशवीच्या नाडीला गाठ मारली.

"मला जग कळत नाही म्हणून मी सप्तघाट केला नव्हता. आठवड्यातले चार तास मी तिथे शब्द पाळत होतो. बाकी कुठे मला ते जमलेलं नाही."

वहिनींना यातलं काही ठाऊक नव्हतं, हे त्यांच्याकडे बघून कळलं. त्यांनी बशा खाली ठेवल्या आणि नवऱ्याकडे न बघता आत गेल्या. कृष्णातने वाटी उचलून देव्हाऱ्यापाशी नेऊन ठेवली. आम्ही चपला घातल्या. पोहे कोणी खाल्ले नाहीत. पुढच्या रविवारी कृष्णात एकटाच गेला, तर दादा घरी नव्हते. त्यांनी कारखान्यात रविवारची पाळी मागून घेतली होती. त्यानंतर त्यांच्याकडे खेळ झाला नाही.

सत्त्याण्णवला मी साताऱ्यात एका ठेकेदाराकडे नोकरीला लागलो. उंब्रजच्या बाजूला एका शाळेची नवी खोली बांधली होती. तिचा स्लॅब मी पाहिलेलासुद्धा नव्हता. पाहिला असं लिही आणि सही कर, असं साहेबाने सांगितलं. मला अर्धं मिनिटही लागलं नाही. जग असंच असतं, हे मला विसाव्या वर्षापासून पाठ होतं. संध्याकाळी खोलीवर येऊन बसलो आणि कुठेतरी जावं, जिथे मी असा नाही, असं फार वाटायला लागलं. तशी एक जागा मला माहीत होती, आणि तिथल्या माणसाची बोटं मी हसत हसत तोडून आलो होतो.