झालं की लिहायचं

खबरवाल्या सरांना 'उत्साहात' या शब्दाचा भयंकर राग होता. जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेतून स्काऊट-गाईडच्या कार्यक्रमाची बातमी आली, की ते चष्मा कपाळावर चढवायचे, लाल पेनाचं टोपण दातांनी काढायचे आणि आधी 'उत्साहात' शोधायचे. तो सापडायचाच. मग त्यावर एक आडवी रेघ. पाठोपाठ 'मान्यवरांच्या उपस्थितीत', 'मोठ्या संख्येने' आणि 'यशस्वीरीत्या' यांचा नंबर लागायचा. पानभर बातमीच्या शेवटी दोन ओळी उरायच्या. बातमी घेऊन आलेले गुरुजी बिचारे समोर कानकोंडे होऊन बसलेले असत. सर त्यांना चहा पाजत आणि विचारत, "गुरुजी, हे सगळं बराबर हाये. पर पोरांनी केलं काय?"

सर मूळचे पिंपळगाव रेणुकाईचे. मंठ्याच्या हायस्कुलात हिंदी शिकवायचे आणि मुलांचं स्काऊट पथक चालवायचे. शिवाय दर महिन्याला एका मोठ्या कार्डशीटवर ते हाताने जिल्ह्याची खबर लिहायचे. कुठल्या शाळेत नवं पथक निघालं, कोण संघनायक झालं, कुठल्या तालुक्याला नवे पदाधिकारी आले, कोणी काम सोडलं. कागदाच्या डोक्यावर एवढंच: 'दलाची खबर'. तो कागद मंठ्यातल्याच आमच्या कन्या शाळेच्या गेटाबाहेरच्या फळ्यावर लागायचा, कारण ती शाळा बाजाराच्या रस्त्यावर. बाकीच्या तालुक्यांना एसटीच्या कंडक्टरबरोबर नकला जायच्या. पुढे मोबाईल आले तेव्हा सर फोटो काढून पाठवायला लागले, पण लिहायचे हातानेच. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. आम्हाला ते खबरवाले सर.

त्यांचा कायदा एका ओळीचा होता. "झालं की लिहायचं. होणार म्हणून लिहायचं न्हाई." आणि ज्याने केलं त्याचं नाव यायलाच पाहिजे. शिबिराच्या बातमीत कोण पाहुणे आले हे एक वेळ राहून जाईल, पण पाणी कोणी भरलं, पोळ्या कोणी लाटल्या, मनोऱ्याचे बांबू कोणी बांधले, ती नावं सुटायची नाहीत. मी एकदा विचारलं, "सर, पाणी भरणाऱ्याचं नाव कशाला?" सरांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "माझ्या बापाच्या वक्ताला आमच्या घरच्या पोरांनी शाळेच्या माठाला हात लावायचा न्हाई, आसं व्हतं. आज माझ्या पथकात कोण बी भरतंय, समदे पितेत. मंग ते कुणीतरी लिहून ठेवाया नको?" हे ते एकदाच बोलले. पुन्हा कधी नाही.

त्या खबरीत माझं नाव पहिल्यांदा आलं ते आठवीत. आणि कसं आलं म्हणता? तालुक्याचा मेळावा होता. आमच्याकडे ध्वज घडी करून, दोरीने गुंडाळून आधीच खांबाच्या टोकाला चढवून ठेवतात. पाहुण्यांनी दोरी ओढली की गाठ सुटते आणि ध्वज फडकतो. गाठ बांधायचं काम आमच्या शाळेच्या गाईड मुलींतल्या मोगरा संघाकडे, म्हणजे माझ्याकडे. ध्वज आधीच सुटला तर काय घ्या, या धास्तीने मी अशी आवळून गाठ मारली की बैलालाही तोडता आली नसती. पाहुण्यांनी दोरी ओढली. ध्वज ढिम्म. परत ओढली. तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी ओढली तेव्हा सगळं बोचकंच खाली आलं. अख्खं मैदान हसलं. मी तंबूच्या मागे जाऊन बसले.

मला वाटलं, सर सांभाळून घेतील. कसलं काय. पुढच्या खबरीत लिहिलं होतं: 'ध्वज उघडला नाही. गाठ घट्ट होती. ती मोगरा संघाच्या वैशालीने बांधली होती.' बाजाराच्या दिवशी माझे वडील तूर घालायला मोंढ्यावर आलेले. जाता जाता त्यांनी फळा वाचला. घरी येऊन म्हणाले, "गावभर नाव केलंस की." मी दोन दिवस शाळेत गेले नाही. तिसऱ्या दिवशी सर घरी हजर. हातात दोरी. मी म्हटलं, "सर, आता दुसऱ्या कोणाला द्या." ते म्हणाले, "दुसऱ्याला दिलं तर माझी खबर अर्धीच राह्यती. चल, बांध. माणूस जोर लावणार न्हाई, नुसता ओढणार, एवढं ध्यानात ठेव." आमच्या ओसरीवर त्यांनी माझ्याकडून ती गाठ इतक्या वेळा बांधून घेतली की शेवटी आईच वैतागली. पुढच्या मेळाव्यात ध्वज उघडला. खबर आली: 'ध्वज पहिल्या ओढीला उघडला. गाठ वैशालीनेच बांधली.' 'वैशालीने' नव्हे, 'वैशालीनेच'. एवढं कौतुक सरांच्या लेखणीतून मी फार कमी वेळा बघितलं.

पदाधिकाऱ्यांना तर ते पोरांपेक्षा कडक. जिल्ह्याला एक नवे अध्यक्ष झाले, तेव्हा मोबाईलच्या ग्रुपवर हार घातलेल्या फोटोंचा नुसता पूर आला. सरांनी त्यांना सरळ फोन लावला. "साहेब, निवड झाली, आनंद हाये. पहिल्या दिवशी काय केलं?" पलीकडून उत्तर आलं, सत्कार झाला. "तो लोकांनी केला. तुमी काय केलं?" आणि त्या महिन्याची खबर: 'नवे अध्यक्ष आले. त्यांचा सत्कार झाला. काम कळले की लिहू.' अध्यक्ष भडकले. भडकणारच. पण दोन महिन्यांनी तेच स्वतः मंठ्याला आले आणि सरांसमोर बसून म्हणाले, "सर, शिबिराच्या मैदानावर मुलींच्या न्हाणीघराला आतून कडी नव्हती. बसवली. मी उभं राहून बसवून घेतली." सरांनी ती बातमी सगळ्यात वर घेतली आणि अध्यक्षांना दुसरा चहा सांगितला.

मी शिकले, शिक्षिका झाले आणि बदल्या होत होत आमच्याच कन्या शाळेत परत आले. सर तोवर निवृत्त झाले होते, पण खबर चालूच होती. त्या वर्षी आमच्या गाईड कंपनीच्या, म्हणजे मुलींच्या पथकाच्या, कॅप्टन मॅडमची बदली झाली. मुलींच्या कंपनीला कॅप्टन बाईच लागते, आणि तीही प्रशिक्षण झालेली. वर्षाच्या आत नवी कॅप्टन मिळाली नाही तर कंपनीची नोंद जाणार होती. चौदा मुली होत्या. कुणी दोन, कुणी तीन वर्षं गाईडच्या परीक्षा देत आलेल्या. पुढच्या परीक्षेला बसायला कंपनीच उरली नाही, तर त्यांचं सगळं तिथेच थांबणार.

सर माझ्याकडे आले. मी हात झटकले. मतदारयाद्यांचं काम माझ्याकडे, घरी पाचवीतला मुलगा, सासूबाईंचे गुडघे, आणि प्रशिक्षण म्हणजे सात दिवस घर सोडून राहायचं. सगळी कारणं खरी होती. त्यांच्या खाली आणखी एक होतं, ते मी बोलले नाही: पुन्हा चारचौघांत बोचकं खाली आलं तर? सर "बरं" म्हणाले आणि सायकल घेऊन निघून गेले. मला वाटलं, सुटले.

त्या महिन्याच्या खबरीत शेवटची ओळ होती: 'कन्या शाळेच्या कंपनीला कॅप्टन नाही.' पुढच्या महिन्यात तीच ओळ, त्याच जागी. तिसऱ्या महिन्यात तीच. चौथ्या महिन्यातही. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. माझं नाव तर कुठेच नाही. पण रोज सकाळी त्या फळ्यापुढूनच शाळेत जायचं म्हटल्यावर मी मान दुसरीकडे फिरवायला लागले. म्हातारा फार चिवट आहे, असं मी नवऱ्यापाशी बोललेसुद्धा.

मग एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर बघते, तर मैदानात कंपनीच्या पोरी ध्वजाशी झटत होत्या. सोनाली नावाची नववीतली पोर, जाई संघाची संघनायिका, गाठ मारून राह्यली होती. बैलालाही तोडता येणार नाही अशी. मला राहवेना. मी पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, "अगं, माणूस जोर लावणार नाही, नुसता ओढणार." दुसऱ्या दिवशीही थांबले. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी फळ्यावर नवी खबर: 'कन्या शाळेच्या कंपनीला कॅप्टन मिळाल्या. वैशाली मॅडम.'

मी तरातरा सरांच्या घरी गेले. ते अंगणात सायकलच्या साखळीला तेल देत होते.

"सर, हे खोटं आहे. मी हो म्हटलेलं नाही."

"म्हणाली न्हाईस. केलंस."

"काय केलं?"

"तीन दिवस झाले, पोरींना शिकवून राह्यलीस. मी गेटापाशी उभा राहून आपल्या डोळ्यांनी बघितलं. झालं, मंग लिहिलं." त्यांनी हात पुसले, खिशातलं लाल पेन काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "खोटं आसंल तर खोड. बिलकुल खोड. मी काही म्हणणार न्हाई."

मी ते पेन हातात घेतलं. फार राग आला होता, आणि खरं सांगायचं तर त्या रागाच्या तळाशी बरंही वाटत होतं. पेन परत त्यांच्या खिशात खोचून मी विचारलं, "शिबीर कधी आहे?"

"पुढल्या महिन्यात. शहागडला, गोदावरीच्या काठावर. एक सांगतो, पुरं करून ये. अर्धं सोडून आलीस तर मला तसंच लिहावं लागंल." मग जरा हसून म्हणाले, "आन् मला ते लिहायचं न्हाई."

शिबिराला निघाले त्या सकाळी सर स्टँडवर आले होते. चेहरा उतरलेला होता, डॉक्टरांनी सायकल बंद करायला सांगितली होती, तरी सायकलवरूनच आले. मी रागावले. ते म्हणाले, "जल्दी बस, गाडी निघाली." तेवढंच शेवटचं बोलणं.

पाचव्या दिवशी सकाळी ध्वजवंदन झाल्यावर नवऱ्याचा फोन आला. सर गेले. मंठ्यातच, दुपारी अंत्ययात्रा. मी शिबीरप्रमुख बाईंकडे गेले. त्या भल्या होत्या. म्हणाल्या, "तुम्ही जा, मी अडवणार नाही. पण सात दिवस पुरे नाहीत तर प्रमाणपत्र देता येत नाही. पुढचं शिबीर आता पुढच्या वर्षीच." पुढच्या वर्षी कंपनी नसणार होती. महामार्ग समोरच होता. गाडी केली असती तर दुपारी पोचले असते. त्यांचं तोंड शेवटचं बघितलं असतं. मी रस्त्याकडे बघत उभी राहिले आणि मनात एकच येत होतं, अर्धं सोडून आले तर. त्यांच्यासाठी जायचं म्हणून त्यांनी सांगितलेलंच मोडायचं, हे काही मनाला पटेना. नळावर तोंड धुतलं आणि रांगेत जाऊन उभी राहिले. त्या दिवशी काठ्या आणि चादरीचा स्ट्रेचर शिकवत होते. मी रडत रडत बांधला. माझ्या गटातल्या बायकांनी चादरीचं दुसरं टोक धरलं.

सात दिवस पुरे करून मी मंठ्याला उतरले ती बॅग घेऊन तशीच शाळेकडे गेले. फळ्यावर खबर लागलेली होती. अक्षर सरांचं नव्हतं. सोनालीचं होतं, तिरपं, एकेक ओळ चढत गेलेली.

'दलाची खबर. खबरवाले सर गेले. सकाळी अंगण झाडताना खाली बसले, ते उठले नाहीत. अंत्ययात्रेत कंपनीच्या चौदाही जणी गणवेशात होत्या. लोकांसाठी पाणी जाई संघाने भरले. बुद्धवंदना झाली. सरांच्या स्कार्फची घडी मोगरा संघाने घातली.' मध्येच कुठेतरी 'शोकाकुल वातावरणात' असं लिहिलेलं होतं, आणि त्यावर लाल पेनाने आडवी रेघ. तिने स्वतःच मारलेली. त्याच्याखाली: 'कॅप्टन हजर नव्हत्या. त्या शहागडला प्रशिक्षणात होत्या.'

आणि त्याच्याखाली एक ओळ कोरी सोडलेली.

मी वाचत होते तेव्हा सोनाली कधी शेजारी येऊन उभी राहिली कळलं नाही. गणवेशात होती, गळ्यात शिटी.

"मॅडम, शिबीर झालं का पुरं?"

"झालं."

"सातही दिवस?"

"सातही."

तिने खिशातून पेन काढलं, चवड्यांवर उभी राहिली आणि त्या कोऱ्या जागेत लिहिलं: 'कॅप्टन प्रशिक्षण पूर्ण करून आल्या.' मला समोरची अक्षरं दिसेनाशी झाली. तिने पूर्णविराम दिला, टोपण लावलं आणि म्हणाली, "मॅडम, शिटी वाजवू का? पोरी मैदानात थांबल्यात."